नवाबाला गूळ देऊ नको

“सगळं कर पोरी, पर त्या गाडीच्या बैलाला गूळ देऊ नको.”

साळूबाई हे बोलली तेव्हा ती शाळेच्या रांजणात घागर ओतत होती, आणि झुंबर फाटकात उभी राहून पोरी मोजत होती. एकतीस. बराबर.

“का गं मावशी? बैलाला गूळ बाधतो का?”

“बैलाला न्हाई बाधत. देणारीला बाधतो. एकदा हातचं गोड खाल्लं, की ते मुकं जनावर तुझ्या दारातून हालायचं न्हाई. आन् त्याच्या मागं गाडी असती, गाडीवर माणूस असतो...”

झुंबरनं मान उडवली आणि खळखळून हसली. हसता हसता उजवा हात मात्र तिनं पदराआड घेतला. तळव्यावर बैलाच्या खरखरीत जिभेचा ओलावा अजून तसाच होता. सांगणारीला उशीर झाला होता!

झुंबर मूळची धावड्याची. लग्न नवव्या वर्षी लागलं आणि अकराव्या वर्षी तापाच्या साथीत नवरा गेला. त्याचा चेहरा आठवायचा म्हटलं तर तिला फक्त मुंडावळ्या आठवत. सतराव्या वर्षी ती जालन्याला आली, कादराबादेत साळूबाईच्या शेजारची खोली घेतली आणि मुलींच्या शाळेत कामाला लागली. काम काय? पोरी गोळा करायच्या. घरोघरच्या आया आपली लेक एकटी रस्त्यावर सोडत नसत. सकाळी शाळेतून पितळी घंटी घ्यायची, कुंडलिका ओलांडून कादराबादेत यायचं, दारोदारी घंटी वाजवायची. कुणाची वेणी व्हायची असे, कुणाची भाकर चुलीवर असे, कुणी नुसतंच रडत असे. त्या सगळ्यांना घेऊन परत नदी ओलांडायची. संध्याकाळी हेच उलटं.

दिवसभर वर्गाच्या उंबऱ्याशी बसून बसून ती वाचायला शिकली, लिहायला शिकली, उर्दूची अक्षरंही तिच्या बोटांत बसली. बाई डुलकी घेत असल्या की पोरींचा जो धडा राहून जाई, तो झुंबर रस्त्यानं करून घेई. पाच वर्षं झाली होती. पगार पहिल्या दिवशी नऊ रुपये होता, तो आजही नऊच. दर साली ती मोठ्या बाईंसमोर, म्हणजे दुर्गाबाईंसमोर उभी राही. “बाई, आवंदा तरी?”

दुर्गाबाई हजेरीवरून नजर न उचलता म्हणत, “झुंबर, तुझ्या जागेला वरची पायरीच नाही. मी कुठं चढवू तुला?”

आणि मग त्या हिवाळ्यात शाळेनं गाडी घेतली.

लढाईचं तिसरं वर्ष चालू होतं. जिनिंगकडं जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांनी रस्ते भरले होते, बाभळींना पांढऱ्या लडी लटकत होत्या. झुंबर नदीच्या उतारावर पोरींना दोन-दोनच्या रांगेत लावत होती, इतक्यात मागून चाकांचा खडखडाट आला. वळून पाहते तो काय — हिरव्या पडद्याची गाडी, आणि झुंबरच्या नाकापासून हातभर अंतरावर एक भलं मोठं, पांढरं, फुरफुरणारं तोंड!

“डोळे फुटले का? लेकरं दिसत न्हाईत?”

गाडीवान खाली उतरला. सव्वीस-सत्तावीसचा, सावळा, मुंडाशाचा शेव कानावर आलेला. त्यानं आधी बैलाकडं पाहिलं, मग तिच्याकडं. “मला दिसले न्हाई बाई, खरं हाय. पर ह्याला दिसले. म्हणूनच तर उभा राह्यला.”

“म्हणजे बैलाला अक्कल हाय, गाडीवानाला न्हाई?”

“बिलकुल,” तो म्हणाला. “ह्याचं नाव नवाब. जरा हळू घ्या, निजामाच्या पोलिसानं ऐकलं तर दोघांना आत टाकंल.”

पोरी खिदळल्या. झुंबरला हसायचं नव्हतं... पण ओठाचा एक कोपरा फितूर झाला, आणि त्यानं तो पाहिला. तो रखमाजी. वाटूरचा. इतकी वर्षं कापूस वाहत होता, आता आपल्या बैलांसकट शाळेच्या नोकरीत आला होता.

त्या दिवसापासून पडद्यातल्या घरच्या आणि अगदी चिमुकल्या अशा अकरा पोरी गाडीत, बाकीच्या वीस पायी, आणि त्यांच्या मागं झुंबर. बैलगाडी खरं तर पायी माणसाच्या पुढं निघून जायला हवी. पण ही गाडी जाईच ना!

“सात नवे?” झुंबर विचारी.

पोरींच्या आधी गाडीवरून उत्तर येई. “एकसष्ट!”

“त्रेसष्ट! तुम्हाला कुणी विचारलं हो?”

“त्रेसष्ट का? माझा नवाब तर कवाचा एकसष्ट म्हणून राह्यला.”

“मंग नवाबाला माझ्या वर्गात बसवा.”

“तुमच्या वर्गात? तो एका पायावर यील. त्याचा धनी मात्र चार पायांवर पळत यील.”

“रस्ता बघा!” असं म्हणून ती मुद्दाम मागं राही. कान मात्र पुढंच असत.

नदीत गुडघ्याएवढं पाणी असे, हिवाळ्याचं, बोचरं. पोरी हातात हात घालून उतरत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी झुंबरच्या ध्यानात आलं की रखमाजी गाडी सरळ पल्याड नेत नाही. तो ती वरच्या अंगाला पाण्यात आडवी उभी करतो, बैलांना ‘पाणी प्या रं’ म्हणतो, आणि सगळ्यात शेवटची पोर काठावर चढेपर्यंत त्यांची तहान काही भागत नाही. गाडीच्या आडोशानं पाण्याची ओढ निम्मी होई. त्यानं हे कधी बोलून दाखवलं नाही. ती मात्र रोज पाहत होती.

एकदा काठावर चढताना तो म्हणाला, “बाई, डाव्या कानामागं.”

“काय?”

“कापूस. वरच्या अंगाला... न्हाई, जरा खाली...” त्यानं चाबकाची दांडी लांबून दाखवली, आणि मग त्यालाच लाज वाटून ती मागं घेतली. “ऱ्हाऊ द्या. तसाच बरा दिसतो.”

दिवसभर झुंबरनं तो कापूस काढला नाही. विसरली, असं तिनं स्वतःला सांगितलं.

गूळ सुरू झाला तो असा. तिच्या भाकरीबरोबरचा खडा ती कमरेच्या चंचीत ठेवी. एका सकाळी नवाबानं हुंगून हुंगून चंची ओढली, तेव्हा अर्धा खडा त्याच्या जिभेवर ठेवला. मग रोजच. रखमाजी बघे आणि उसासा टाकी. “नशीब एकेकाचं. आम्हाला दोघांना नऊ-नऊ रुपये, आन् ह्याला पेंड वर गूळ. आख्ख्या शाळेत बढती झाली ती एकट्या नवाबाची.”

“तुम्हाला पटतं का हो असं आयुष्यभर नऊ रुपयांवर?” तिनं एकदम विचारलं. हसण्यावारी नेण्यासारखा तो आवाज नव्हता.

“गाडीवानाला कुठं वर चढायचं, बाई? तो आधीच गाडीवर बसलेला असतो. पर तुमचं तसं न्हाई. तुम्ही त्या बायांपरीस चांगलं शिकवता. मी रोज ऐकतो ना.”

पाच वर्षांत हे तिला कुणी म्हटलं नव्हतं. घंटी हातातून निसटता निसटता राहिली.

त्याच आठवड्यात कळलं की तिसरीच्या बाई लग्न होऊन परभणीला चालल्या. जागा रिकामी होणार होती. मिडलची परीक्षा पास असली की ती जागा मिळण्याजोगी होती, आणि मिडलला घरी अभ्यास करूनही बसता येत होतं. फक्त फारमावरच्या वागणुकीच्या दाखल्याखाली मोठ्या बाईंची सही हवी होती आणि महिनाअखेर फारम औरंगाबादेत पोचायला हवा होता. झुंबरनं फारम आणला, ठळक अक्षरात भरला आणि दुर्गाबाईंच्या टेबलावर ठेवला.

दुर्गाबाईंनी तो वाचला. अक्षर पाहून भुवया वर गेल्या. “सुरेख आहे. पण तू बाई झालीस तर पोरी कोण आणणार? आया तुझ्यावर विसंबतात. दुसरी बाई पाठवली तर निम्म्या पोरी घरीच बसतील.”

म्हणजे काम चांगलं केलं, हाच गुन्हा! झुंबर फारम घेऊन बाहेर आली. डोळे भरून आले होते, पण रडायला जागा कुठं होती? एकतीस पोरी वाट बघत होत्या.

आणि इकडं साळूबाईचं म्हणणं खरं होऊ लागलं. कादराबादेतल्या तिच्या खोलीसमोर आलं की नवाब थांबे. गाडीत अकरा पोरी, रस्त्यावर वीस, मागं दोन कापसाच्या गाड्या खोळंबलेल्या, आणि नवाब विधवा झुंबरच्या दारात चारी पाय रोवून उभा! चार दिवसांत खिडक्या उघडू लागल्या, आठ दिवसांत कुजबुज शाळेत पोचली.

“गाडी तुझ्या दारात का थांबते, झुंबर?” दुर्गाबाईंनी विचारलं.

“बैल थांबतो, बाई.”

“बैल.” त्यांनी चष्मा काढला. “आणि मी तुझ्या वागणुकीचा दाखला लिहून सही करायची?”

त्या दिवसापासून झुंबरनं गूळ बंद केला. बोलणं बंद केलं. खडा चंचीतच राहिला आणि फारमही त्याच चंचीत, घडी करून. रखमाजीनं एकदा “सात नवे त्रेसष्ट” असं अगदी बराबर म्हणून पाहिलं, तरी तिनं मान वर केली नाही. नदीत गाडी मात्र रोज आडवी उभी राही... आणि तेच तिला सोसवत नसे.

बारा दिवस असे गेले. फारम पोचायला चार दिवस उरले असताना तपासणी आली.

औरंगाबादेहून बेगमसाहेबा यायच्या होत्या. शाळा सारवून निघाली होती, गाडी भल्या सकाळीच स्टेशनवर गेली होती. झुंबर घंटी घ्यायला आली तेव्हा गोठ्यातून नवाबानं मान लांबवली. तिनं तोंड फिरवलं आणि भरभर निघाली. आज एकतीसच्या एकतीस पायी आणायच्या होत्या.

उताराशी आले तेव्हा चिमुकल्या अकबरबीच्या टाचेत सराटा मोडला. झुंबरनं सगळ्यांना लिंबाखाली बसवलं, काटा काढला आणि पोरी पांगू नयेत म्हणून धडा सुरू केला.

“उन्हाकडं तोंड करा. ही कोणती दिशा?”

“पूर्व!”

“मंग टेंभुर्णी कुठं?” एकतीस हात डावीकडं उठले. “उत्तर!”

“माझं धावडं?”

“तिकडंच, आणखी लांब!”

इतक्यात स्टेशनच्या रस्त्यानं हिरव्या पडद्याची गाडी आली आणि दहा पावलांवर येऊन उभी राहिली. झुंबरनं पदराआडून हात हलवला, जा, जा! रखमाजी लिंबाच्या शेंड्याकडं असा बघत राहिला, जणू तिथं काही लिहिलेलं होतं.

आतून आवाज आला. “गाडी क्यों रुकी?”

“बैल अडला, बेगमसाहेबा. जरा दम खाऊ द्या.”

आता थांबावं तर पोरी गाडीकडं धावतील. झुंबरनं पुढं विचारलं, “मंग... वाटूर?”

एकतीस हात उजवीकडं, जरा तिरपे वळले. “आग्नेय!”

“वाटूरला काय असतं?”

“चार रस्ते!” एकीनं सांगितलं, आणि दुसरी ओरडली, “गाडीवानमामा!” सगळा लिंब हसला. पडद्याची कड बोटभर बाजूला झाली, हे फक्त रखमाजीनं पाहिलं. झुंबरनं तोच धडा उर्दूत घेतला, मशरिक, मगरिब, शिमाल, जुनूब, कारण अकबरबीच्या घरी तीच बोली होती. मग पोरींना उठवलं, मोजलं, नदीत उतरवलं. गाडी तेव्हाही हलली नव्हती. शेवटची पोर पल्याड चढली तेव्हा बैलाला एकाएकी दम आला!

वर्गात बेगमसाहेबांनी तिसरीच्या मुलींना विचारलं, “वाटूर किधर है?” बाईंनी लगबगीनं नकाशा दाखवला. पोरींची नजर नकाशावर फिरत राहिली. नकाशात वाटूर नव्हतंच. मग दाराशी बसवलेल्या धाकट्यांच्या रांगेतून अकबरबी उठली, लंगडत ओट्यावर गेली, ऊन कुठं आहे ते पाहिलं आणि बोट दाखवलं.

“शाबास! किसने सिखाया?”

“झुंबरबाईनं. रस्त्यावर.”

दुर्गाबाई घाईनं म्हणाल्या, “ती आमची पोरी बोलावणारी आहे.”

“मालूम है,” बेगमसाहेबा हसल्या. “बीस मिनट धूप में बैठ के सुना हमने. मिडल का फॉर्म भरा के नहीं?”

झुंबरनं चंची उघडली. फारम निघेना. निघाला तो गुळाच्या खड्याला चिकटून! कोपऱ्यावर तपकिरी डाग, त्यावर एक मुंगी. सगळ्या वर्गाला हसू फुटलं, बेगमसाहेबांनाही. त्यांनी तो फारम दुर्गाबाईंपुढं सरकवला. तेवढंच.

दुर्गाबाईंनी सही केली. टिपकागद दाबताना फक्त झुंबरला ऐकू जाईल असं म्हणाल्या, “अकरा वर्षं मीही याच खुर्चीत आहे. मला कुणी विचारलं नाही ग.” झुंबरनं वाकून त्यांच्या पायाला हात लावला. राग कुठं गेला, तिचं तिलाच कळलं नाही.

दुपारी ती गोठ्याकडं धावत गेली. धावत! रखमाजी आपली घोंगडी गुंडाळत होता.

“हे काय?”

“सुट्टी. पाहुणीला उन्हात ठेवलं म्हणून मोठ्या बाईंनी सांगितलं, महिनाअखेर दुसरीकडं बघ.”

“आन् हसता काय?”

“सही झाली ना?” तो म्हणाला. “मंग का हसू नये? माझं काय, बैलच अडला.”

“कोणता बैल?”

“नवाब. दुसरा कोण अडतो?”

झुंबर त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. बारा दिवसांनी पहिल्यांदा तिनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं. “नवाब सकाळी हितं गोठ्यात बांधलेला होता. काल त्याच्या खुरात काटा गेल्ता, तीन पायांवर उभा होता. तुम्ही दुसऱ्याचा बैल मागून आणून जुंपला. त्या बैलानं माझा गूळ कधी खाल्ला न्हाई. मंग तो कशापायी अडला?”

रखमाजी घोंगडीची घडी मोडत राहिला, पुन्हा घालत राहिला.

“सांगा ना...”

“रोज एकटाच ऐकत होतो,” तो खाली बघून बोलला. “इतकं चांगलं चाललंय आन् ऐकणारा कोण, तर एक गाडीवान! आज गाडीत बराबर माणूस बसलं होतं. कासरा ओढला. नोकरी जाईल हे ठाऊक होतं... पर तुम्ही एकतीस पोरींना सूर्य दाखवून राह्यल्या होत्या, झुंबर. मला गाडी हाकता आली न्हाई.”

बाईचं झुंबर कधी झालं, ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

“आता तुम्ही पास व्हाल,” तो म्हणाला. “खुर्चीवर बसाल. मंग गाडीवानाशी बोलाल का?”

झुंबरनं चंचीतून तो गुळाचा खडा काढला, कागदाचा एक तपकिरी तुकडा अजून चिकटलेला. नवाबानं मान लांबवली. तिनं हात त्याच्यापुढून नेला आणि रखमाजीपुढं धरला.

“साळूमावशी म्हणती, गूळ देऊ नको.”

“का?”

“खाणारा दारातून हालत न्हाई म्हणे.”

रखमाजीनं मुंडासं काढून काखेत घेतलं, देवळात घेतात तसं, आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली.

त्यांच्यात विधवेचा पाट लागायचा. वैशाखात लागला. धावड्याहून भाऊ पुंजाराम आला, वाटूरहून चार माणसं आली, आणि नवाबाच्या शिंगांना साळूबाईनं स्वतः हिंगूळ लावला. झुंबर मिडल झाली. जालन्यातली जागा तोवर दुसऱ्या कुणाला गेली होती, पण टेंभुर्णीच्या नव्या शाळेत तिला नेमलं, खुर्चीसकट. रखमाजीनं आठवड्याच्या बाजाराची भाडी धरली. घर झालं, अंगण झालं. आता तिच्या मांडीवर चार महिन्यांची लेक आहे, आणि ती झोपली तरी श्वास चाललाय ना, हे बघायला झुंबर दर घटकेला वाकते.

सगळं आलबेल आहे. एकच घोर लागून राहिलाय.

साळूबाई अजून त्याच रांजणात पाणी भरते. एकोणीस वर्षं झाली. तिच्या कामाला ना परीक्षा, ना फारम, ना वरची पायरी. कुणाची गाडी तिच्यासाठी अडली नाही. टेंभुर्णीला ये म्हटलं तर म्हणाली, “मला काय धाड भरली इथं?” दर बाजाराला कुणा ना कुणाबरोबर तिचा सांगावा येई. दोन महिने झाले, आलेला नाही. आणि एवढ्या तान्ह्या जिवाला घेऊन झुंबरला इतक्यात निघता येत नाही.

म्हणून एवढंच सांगणं, तुम्ही कधी जालन्याला उतरलात तर कादराबादेत जा. लिंबाच्या उतारावरून सरळ, पाचवं दार. कडी वाजवा. ती आतूनच म्हणेल, “बरी हाय, बरी हाय.” तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. चुलीत विस्तव आहे का बघा. गुडघा सुजलाय का बघा. एकोणीस वर्षं शाळेला पाणी पाजणाऱ्या त्या बाईच्या स्वतःच्या माठात पाणी आहे का, तेही वाकून बघा. जाताना गुळाचा एक खडा घेऊन जा, झुंबरनं दिलाय म्हणावं.

आणि हो... दारातून लगेच हलू नका.